खतावणी आणि वकिली : चार्ल्स डॅव्हनंटच्या व्यापारी आकड्यांचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

आर्थिक विचारांच्या इतिहासावरील क्रमिक पुस्तकांत चार्ल्स डॅव्हनंट (१६५६-१७१४) याच्या वाट्याला फार तर दोन परिच्छेद येतात. एका परिच्छेदात तो व्यापारवादी संप्रदायाचा उत्तरकालीन प्रतिनिधी असतो. दुसऱ्यात पिकातील तूट व धान्याची भाववाढ यांचे प्रमाण सांगणाऱ्या 'किंग-डॅव्हनंट नियमा'चा अर्धा मानकरी. हा मनुष्य इंग्लंडच्या पार्लमेंटचा सदस्य होता, अकरा वर्षे तो त्या देशाच्या आयात-निर्यातीचा महानिरीक्षक होता आणि त्याच्या कचेरीतून बाहेर पडलेल्या आकड्यांवरून १७१३ साली लंडनमध्ये एका तहाचे भवितव्य ठरविणारा वाद झाला, हा भाग बहुधा वगळला जातो. वस्तुतः त्याच्या चरित्रातील सर्वांत विचारार्ह भाग तोच आहे.

डॅव्हनंटविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तो भाडोत्री लेखक होता. ज्याच्याकडून लाभाची आशा, त्याच्या बाजूने त्याने लेखणी चालविली. दुसऱ्या मतानुसार तो मुक्त व्यापाराचा ॲडम स्मिथपूर्व उद्गाता होता. पहिल्या मताला त्याचे चरित्र पुरावा पुरविते, दुसऱ्याला त्याच्या ग्रंथांतील निवडक उतारे. दोन्ही मते त्याच्या हेतूंभोवती फिरतात. त्याने मांडलेले आकडे कसे तयार झाले, ते कोणाला तपासता येत होते आणि तपासणीत त्यांचे काय झाले, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अंगाने त्याच्या कार्याचे परीक्षण करावयाचे आहे.

रंगभूमीकडून अबकारीकडे

डॅव्हनंट हा कवी व नाटककार सर विल्यम डॅव्हनंट याचा थोरला मुलगा. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात तो शिकला, परंतु पदवी न घेताच बाहेर पडला. वडिलांमागे नाट्यगृहाचा परवाना वारशाने त्याच्याकडे आला. १६७७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याचे 'सर्सी' हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. पुढे त्याने नाटकधंद्यातील आपला वाटा भावाला विकला. त्याच्या गद्यातील प्रवाहीपणाचे मूळ या पूर्वायुष्यात शोधणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. पेटीचे गद्य कोरडे आहे आणि ग्रेगरी किंगने तर बहुतांशी तक्तेच लिहून ठेवले. वाचकाला धरून ठेवण्याची कला या तिघांत एकट्या डॅव्हनंटला साधली होती.

१६७८ ते १६८९ या काळात तो अबकारी खात्याचा आयुक्त होता. बिअरवरील कर म्हणजे प्रत्यक्ष पिपे मोजण्याचे काम. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारे हिशेब एकमेकांशी ताडून पाहणे, कोठे गळती आहे हे ओळखणे, हे शिक्षण त्याला येथे मिळाले. या काळात, १६८५ साली, तो सेंट आइव्ह्ज मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये निवडून आला. १६८८ च्या राज्यक्रांतीने दुसऱ्या जेम्सचे राज्य गेले आणि पाठोपाठ डॅव्हनंटचे पदही गेले. त्यानंतरची चौदा वर्षे तो पदाच्या शोधात होता, असे म्हटले तरी चालेल. मात्र त्याचे सर्व महत्त्वाचे ग्रंथ याच चौदा वर्षांतील आहेत : युद्धखर्चाच्या तरतुदीवरील निबंध (१६९५), ईस्ट इंडिया व्यापारावरील निबंध (१६९६), सार्वजनिक महसूल व इंग्लंडचा व्यापार यांवरील प्रबंध (१६९८) आणि व्यापारशेषावरील निबंध (१६९९).

हिंदुस्थानी कापडाची बाजू

१६९६ चा निबंध आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सुरत, बंगाल व कोरोमंडल किनाऱ्यावरून येणारी छिटे आणि रेशमी कापड यांनी इंग्लंडमधील लोकर व रेशीम विणणारे हवालदिल झाले होते. या मालाच्या वापरावर बंदी घालावी अशी मागणी पार्लमेंटपुढे होती. १६९७ च्या आरंभी लंडनच्या विणकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर हल्लाही केला. कंपनीवरील मुख्य आक्षेप असा की, ती इंग्लंडची चांदी हिंदुस्थानात नेऊन ओतते व मोबदल्यात चैनीच्या वस्तू आणते. हिंदुस्थानाशी व्यापारशेष सदैव प्रतिकूल, म्हणून हा व्यापार तोट्याचा, असा तो सरळ हिशेब होता.

डॅव्हनंटने या सरळ हिशेबाच्या मुळावरच घाव घातला. त्याचे म्हणणे असे की, एका देशाशी होणाऱ्या व्यापाराचा नफातोटा सुटा काढताच येत नाही. व्यापार ही एक साखळी आहे. हिंदुस्थानातून आलेला माल युरोपातील इतर देशांना विकला जातो आणि बाहेर गेलेल्या चांदीहून अधिक मोल त्या वाटेने परत येते. शिवाय देशात स्वस्त हिंदुस्थानी कापड वापरले गेले, तर महाग लोकरी कापड निर्यातीसाठी मोकळे होते. व्यापार स्वभावतः आपली वाट आपण शोधतो आणि त्याला वळण लावणारे कायदे बहुधा कोणा तरी खाजगी गटाच्या सोयीचे असतात, असेही त्याने लिहिले. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते उद्धृत करतात तो हाच भाग.

परंतु निबंध संपूर्ण वाचला म्हणजे चित्र बदलते. देशांतर्गत उपभोगाने राष्ट्र श्रीमंत होत नाही, एकाचे जाते ते दुसऱ्याला मिळते एवढेच. परदेशी विकले जाते तोच खरा नफा, अशी त्याची धारणा होती. म्हणजे हिंदुस्थानी कापडाचे समर्थन तो इंग्रज ग्राहकाच्या सुखासाठी करीत नाही, पुनर्निर्यातीसाठी करतो. व्यापारवादाची चौकट त्याने मोडली नाही. त्या चौकटीत बसून त्याने केवळ एका देशाऐवजी साऱ्या जगाचा एकत्र ताळेबंद मागितला. ही मागणी मोठी होती, तिला मुक्त व्यापाराचे नाव देण्याची आवश्यकता नाही. हे कापड विणणाऱ्याचा विचार या निबंधात कोठेही येत नाही, हेही नमूद करावयास हवे. स्वस्त हिंदुस्थानी मजुरी त्याच्या युक्तिवादात गृहीत आहे. तिची चौकशी नाही.

या निबंधाला जॉन पॉलेक्सफेन याने १६९७ साली सडेतोड उत्तर दिले. पॉलेक्सफेन हा आदल्या वर्षी स्थापन झालेल्या व्यापार मंडळाचा सदस्य होता. तत्त्वज्ञ जॉन लॉक त्याचा सहकारी. अखेर १७०० साली कायदा झाला आणि सप्टेंबर १७०१ पासून आशियातील रंगीत व छापील सुती कापडाचा तसेच रेशमी कापडाचा इंग्लंडमधील वापर निषिद्ध ठरला. पुनर्निर्यातीला मात्र मुभा राहिली. म्हणजे डॅव्हनंट हरला, पण त्याच्या युक्तिवादाचा एक तुकडा कायद्यात शिरला. १७२१ च्या दुसऱ्या कायद्याने छापील सुती कापडाचा वापर जवळजवळ पूर्णपणे बंद केला. तोवर डॅव्हनंट हयात नव्हता.

पेटीवरील टीका

१६९८ च्या प्रबंधात डॅव्हनंटने 'राजकीय अंकगणित' या शास्त्राची मीमांसा केली आहे. शासनविषयक प्रश्नांचा निर्णय आकड्यांच्या आधारे करणे, हे त्याच्या मते या शास्त्राचे स्वरूप. येथे तो सर विल्यम पेटीचे ऋण मान्य करतो आणि लगेच त्याच्यावर गंभीर आरोपही करतो. पेटीने राजाची मर्जी राखण्यासाठी फ्रान्स व हॉलंड यांचे सामर्थ्य कमी लेखले, इंग्लंडचे वाढवून दाखविले, असा तो आरोप आहे. आकडेतज्ज्ञाने आश्रयदात्याला हवे ते उत्तर काढून दिले तर त्या शास्त्राचा उपयोग काय, असा डॅव्हनंटचा रोख होता.

ज्याने हा आरोप केला त्याच्या स्वतःच्या वर्तनाकडे पाहिले असता वाचक थबकतो. डॅव्हनंट १६९८ साली ग्रेट बेडविनमधून पुन्हा निवडून आला होता. टोरी गटाचा धारदार लेखक म्हणून त्याची ख्याती झाली. १७०१ च्या पत्रकात त्याने 'टॉम डबल' हे पात्र निर्माण केले : युद्धकर्जांवर गब्बर झालेला, तत्त्वशून्य व्हिग. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रेंच वकील पूसँ याला देश सोडण्याचा हुकूम झाला, त्या वेळी डॅव्हनंट आणखी दोन सदस्यांसह एका खाणावळीत त्याच्याच पंक्तीला बसलेला आढळला. विरोधकांनी या प्रसंगाचा पुरेपूर वापर केला आणि पुढच्या निवडणुकीत त्याची जागा गेली. ॲन राणी गादीवर आल्यावर, १७०३ साली, त्याला महानिरीक्षकाचे पद मिळाले. पाठोपाठ १७०४ च्या ग्रंथात त्याने युद्धाला अनुकूल असा समन्वयाचा सूर लावला. जुन्या टोरी मित्रांना ही फितुरी वाटली. १७१० साली टोरी पुन्हा सत्तेवर येताच टॉम डबलही 'सर' होऊन त्याच्या लेखनात परतला. पात्राचे नाव लेखकालाच शोभते, हा शेरा तेव्हाच्या लंडनमध्ये कोणालाही सुचण्याजोगा होता.

किंग याच्या बाबतीतही असाच पेच आहे. डॅव्हनंटने किंगची स्तुती उघडपणे केली. त्याचे लोकसंख्या व उत्पन्न यांविषयीचे अंदाज नावानिशी छापले. किंगचे मूळ हस्तलिखित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अप्रकाशित राहिले, त्यामुळे शंभर वर्षे जगाला किंग ठाऊक होता तो डॅव्हनंटमुळेच. परंतु १६९९ च्या ग्रंथातील धान्याचा प्रसिद्ध तक्ता, म्हणजे पिकात एक दशांश तूट आली तर भाव तीन दशांशांनी चढतो, दोन दशांश आली तर आठ दशांशांनी, आणि पीक निम्म्यावर आले तर नेहमीच्या भावावर साडेचार पट वाढ, हा तेथे कोणाच्याच नावावर टाकलेला नाही. त्यामुळे त्याचे श्रेय कोणाचे हा वाद अद्याप मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तक्त्याचा जनक कोण यापेक्षा अधिक अर्थपूर्ण गोष्ट ही की, डॅव्हनंटने त्यावरून सार्वजनिक धान्यकोठारांचा प्रश्न उपस्थित केला. आकड्याला प्रशासनाशी जोडण्याची त्याची हातोटी येथे दिसते.

१७१३ : आकड्यांची लढाई

महानिरीक्षकाचे पद १६९६ साली निर्माण झाले. विल्यम कलिफर्ड हा पहिला महानिरीक्षक, डॅव्हनंट दुसरा. बंदरांतील जकात नोंदींवरून दरवर्षी एक मोठी खतावणी तयार करावयाची, तीत देशवार आयात-निर्यात मांडावयाची, लंडनचे व इतर बंदरांचे आकडे वेगळे दाखवावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. मालाच्या मोजमापाला ठराविक दर लावून मूल्य काढले जाई. आरंभीच्या वर्षांत ठरलेले हे 'अधिकृत' दर पुढे जवळपास गोठून गेले. बाजारभाव बदलत राहिले, खतावणीतील दर तेच राहिले. याचा एक अनपेक्षित लाभ असा की, ही मालिका मूल्याऐवजी परिमाणाचा निर्देशांक म्हणून आजच्या आर्थिक इतिहासकारांना उपयोगी पडते. व्यापारशेष काढण्यासाठी मात्र ती बेभरवशाची. त्यात चोरट्या व्यापाराची नोंद नाही. लोकरी मालावरील निर्यात जकात १७०० साली उठल्यानंतर आपली पत वाढविण्यासाठी व्यापारी निर्यातीचे आकडे फुगवून सांगत. त्यांना त्यासाठी एक पैही मोजावी लागत नसे.

युट्रेक्टच्या शांतता तहाबरोबर १७१३ साली फ्रान्सशी व्यापारी करार झाला. त्याच्या आठव्या व नवव्या कलमांन्वये फ्रेंच मालावरील जादा जकाती व बंदी उठणार होती. लोकर व रेशीम धंदा, पोर्तुगालशी व्यापार करणारे सौदागर आणि व्हिग पक्ष यांनी त्याविरुद्ध एकजूट केली. फ्रान्सचा व्यापार इंग्लंडला बुडवितो, हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्याकडे १६७४ सालचा एक दस्तऐवज होता. लंडनच्या काही व्यापाऱ्यांनी तयार केलेल्या त्या तक्त्यात फ्रान्सशी इंग्लंडची वार्षिक तूट साडेनऊ लाख पौंडांहून अधिक दाखविली होती. चाळीस वर्षे हा आकडा जवळजवळ धर्मवचनासारखा उच्चारला जात होता.

डॅव्हनंटने १७१२ साली सार्वजनिक हिशेब आयुक्तांना सादर केलेल्या दोन अहवालांत हा तक्ता तपासला. त्याच्यापुढील अडचण मोठी होती. त्याच्या स्वतःच्या खतावण्या १६९६ पासून सुरू होत होत्या आणि तेव्हापासूनचा बहुतेक काळ फ्रान्सशी युद्धाचा किंवा बंदीचा. फ्रान्सचा रकाना जवळपास रिताच. म्हणून तो मागे गेला व १६६० च्या दशकातील जकात नोंदी त्याने शोधून काढल्या. त्यांवरून पाहता १६७४ च्या तक्त्यातील चित्र टिकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हे काम तत्कालीन टोरी मंत्रिमंडळाला हवे होते, यात शंका नाही. तरीही कार्यपद्धती म्हणून ते त्या काळातील उत्कृष्ट काम आहे. प्रचलित आकड्याला दुसरा आकडा भिडवून तो थांबला नाही. पहिला आकडा कोठून आला, कोणी रचला, त्यात काय धरले व काय सोडले, हे त्याने विचारले. आजचा संशोधकही याहून वेगळे काय करतो?

मे १७१३ पासून डॅनियल डिफो याने सरकारच्या बाजूने 'मर्केटर' हे नियतकालिक चालविले. त्याला जकात कचेरीतील आकडे मिळत. उत्तरादाखल विरोधकांनी ऑगस्टमध्ये 'ब्रिटिश मर्चंट' काढले. तोवर प्रत्यक्ष निकाल लागला होता : १८ जून १७१३ रोजी कॉमन्स सभागृहाने कराराचे विधेयक १९४ विरुद्ध १८५ मतांनी फेटाळले. अवघी नऊ मते. नियतकालिकांतील वाद मात्र पुढे चालू राहिला.

'ब्रिटिश मर्चंट'चा एक प्रमुख लेखक होता हेन्री मार्टिन. नोव्हेंबर १७१४ मध्ये डॅव्हनंट वारला. ॲन राणीनंतर आलेल्या नव्या राजवटीत व्हिग सत्तेवर आले आणि १७१५ साली महानिरीक्षकाच्या पदावर याच मार्टिनची नियुक्ती झाली. ज्या खतावणीवर त्याने तोफ डागली होती, ती आता त्याच्याच टेबलावर आली. पुढे १७१८ साली सतरा वर्षांच्या आयात-निर्यातीचे परीक्षण करणारे टिपण त्याने लिहिले, त्यात या आकड्यांवरून राष्ट्राचा नफातोटा सरळ काढणे किती फसवे आहे, याची कारणे दिलेली आहेत. या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. १७०१ साली निनावी प्रसिद्ध झालेला, ईस्ट इंडिया व्यापाराच्या बाजूने डॅव्हनंटहूनही निःसंदिग्ध बोलणारा एक प्रबंध आधुनिक संशोधकांनी मार्टिनच्याच नावावर लावला आहे. तो निर्णय मान्य केला तर पक्षांतर करणारा आकडेतज्ज्ञ एकटा डॅव्हनंट नव्हता, त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच वाटेचा होता, असे म्हणावे लागते.

मूल्यमापन

येथे डॅव्हनंटवरील दोन आरोप वेगळे केले पाहिजेत. तो पदासाठी बाजू बदलीत असे, हा पहिला. तो खरा आहे. परंतु त्यामुळे त्याचा १७१२ चा अहवाल खोटा ठरत नाही. अहवाल छापला गेला, त्यातील आकडे शत्रूच्या हाती गेले, शत्रूने ते रकान्यारकान्याने तपासले व शेवटी शत्रूच त्या कचेरीचा प्रमुख झाला. पेटीच्या अंदाजांना अशी कसोटी कधीच लागली नाही, कारण त्यांतील कित्येक त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले. डॅव्हनंटचा स्वार्थ उघड होता आणि त्याचे आकडेही उघडे होते.

दुसरा आरोप अधिक गंभीर असूनही फारसा कोणी केलेला नाही. १६९६ च्या निबंधात ज्याने देशवार व्यापारशेषाची कल्पनाच निरर्थक ठरविली, त्यानेच पुढे अकरा वर्षे देशवार व्यापारशेष मांडणाऱ्या खतावणीचे संगोपन केले. तिची रचना बदलली गेली नाही. पुनर्निर्यात कोणत्या देशाच्या मालाची, नौकाभाडे किती मिळाले, चांदी कोणत्या वाटेने गेली आणि कोणत्या वाटेने परतली, या त्याच्याच प्रश्नांची उत्तरे देऊ शकेल असा ताळेबंद त्या कचेरीतून निघाला नाही. १७१२ च्या अहवालांतही फ्रान्सशी तूट खरोखर किती, या प्रतिपक्षाच्या प्रश्नाच्या चौकटीतच तो लढला. आपली मूळ भूमिका, की हा प्रश्नच चुकीचा आहे, ती मागे पडली. नोंदवहीचा नमुना अधिकाऱ्याच्या विचारावर कशी मात करतो, याचे याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

ॲडम स्मिथने १७७६ साली राजकीय अंकगणितावर आपला फारसा विश्वास नाही असे सांगितले. तरी अबकारीच्या विवेचनात त्याने डॅव्हनंटची दखल घेतली. आणि व्यापारशेषाचा जो रकाना डॅव्हनंटला अपुरा वाटला होता, त्याचा निराळाच अर्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकविलेल्या, पुढे १८९२ साली त्याच कॉमन्स सभागृहात निवडून आलेल्या दादाभाई नौरोजी यांनी लावून दाखविला. हिंदुस्थानची निर्यात आयातीहून अधिक, म्हणजे जुन्या सिद्धान्ताप्रमाणे देश लाभात. दादाभाईंनी सरकारी तक्त्यांतूनच सिद्ध केले की हा वाढावा परत येतच नाही, तो लाभ नसून निचरा आहे. त्यांनी डॅव्हनंटचा आधार घेतला होता असे येथे सुचवावयाचे नाही. एकच रकाना राज्यकर्त्याला आणि प्रजेला कसा उलट वाचावा लागतो, एवढेच यातून दिसते.

डॅव्हनंटचे राजकीय व व्यापारी विषयांवरील लेखन १७७१ साली पाच खंडांत प्रसिद्ध झाले. संपादक होता सर चार्ल्स व्हिटवर्थ, तोही पार्लमेंटचा सदस्य. पाच वर्षांनी त्याच व्हिटवर्थने १६९७ पासूनच्या इंग्लंडच्या व्यापाराचे देशवार तक्ते ग्रंथरूपाने छापले. त्यात ईस्ट इंडियाच्या पानावर आयातीचा रकाना निर्यातीच्या रकान्याहून कितीतरी जड दिसतो आणि शेजारी प्रतिकूल शेष मांडलेला असतो, पाच खंडांच्या लेखकाने ऐंशी वर्षांपूर्वी ज्याला अर्थ नाही म्हटले होते तोच. मूळ खतावण्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.